शेख भिकन पिंजारी

तहसील कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे. बावीस वर्षं तिथे बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. जातीच्या दाखल्यांचे कागद हाताखालून इतके गेलेत की माणूस रिक्षातून उतरला की त्याच्या पिशवीत कोणता कागद नसणार हे मला कळतं, अशी माझी समजूत होती. भिकनभाईने ती मोडली.

भिकनभाई म्हणजे नंदुरबारच्या मिरची मार्केटमधला शेख भिकन. वय अडुसष्ट. उभं आयुष्य मिरचीची पोती पाठीवर वाहिली आणि म्हातारपणी हमालांचा मुकादम झाला. मिरचीच्या धुरळ्यात राहिलेल्या माणसाचे डोळे कायमचे लाल होतात, तसे त्याचे होते. त्यामुळे तो रडून आला आहे की कामावरून, हे कधी ओळखू येत नसे. घरी बायको जैतूनबी. मुलगा मुश्ताक सुरतेच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. मुश्ताकची बायको लवकर वारली, तेव्हा तिच्या चार वर्षांच्या मुलीला, अल्फियाला, आजी-आजोबांनीच वाढवलं. या अल्फियाला नर्स व्हायचं होतं. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात आजीचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही पोर अकरा दिवस खाटेशेजारी बसून होती आणि तिथल्या सिस्टर लोकांकडे बघत होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

मागच्या जूनमध्ये आजोबा-नात माझ्या टेबलाशी आले. मार्क बरे होते, पण सरकारी नर्सिंग कॉलेजच्या ओपनच्या यादीत बसणारे नव्हते. खाजगी कॉलेजची फी त्यांच्या सात पिढ्यांना जमली नसती. ओबीसीतून मात्र नंबर नक्की लागला असता.

मी म्हटलं, "भिकनभाई, शेख ओबीसीत येत नाही. बागवान येतो, तांबोळी येतो, अत्तार येतो, पिंजारी येतो. शेख नाही."

हे समजावताना माझी दरवर्षी चिडचिड होते. टपरीवरचे लोक म्हणतात, मुसलमानांना कशाला आरक्षण, धर्म बघून वाटता का? मशिदीतले म्हणतात, आमच्यात जातच नाही. आणि दोघेही आपापल्या घरी सोयरीक करताना जात बघूनच करतात. कायदा बिचारा सांगतो की धर्म बघू नका, पिढीजात धंदा बघा, मागासलेपण बघा. पण ते ऐकायला कुणी थांबत नाही.

अल्फिया झेरॉक्स काढायला गेली. ती रस्ता ओलांडेपर्यंत भिकनभाई गप्प बसला. मग टेबलावर वाकून म्हणाला, "आप्पा, मी शेख नही शे. मी पिंजारी शे."

मी हसलो. जून महिना आला की या तालुक्यात कुणीही काहीही होतं. मी त्याला तसं तोंडावर म्हणालोही. त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडीवर फाटत आलेला शाळेचा दाखला. शहाद्याच्या पुढे तापीकाठच्या एका गावची मराठी शाळा, प्रवेश १९६३ सालचा. नाव, भिकन चांद पिंजारी. जात, मुसलमान पिंजारी. ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि असा कागद मिळावा म्हणून लोक कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. या माणसाने तो चव्वेचाळीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी, कागद अंथरतात त्याच्याही खाली, लपवून ठेवला होता.

"लपवला कशाला?" मी विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. बाप चांद पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा आणि लोकांच्या ओट्यावर बसून गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा. भिकन बरोबर असायचा. केसांत, भुवयांत, नाकात कापूस. शाळेतली पोरं त्याला म्हाताऱ्या म्हणायची. बाविसाव्या वर्षी तो बापाशी भांडून नंदुरबारला आला. मोहल्ल्यात एक खोली भाड्याने बघायला गेला तेव्हा घरमालकाने विचारलं, कोण तुम्ही? पिंजाऱ्याला खोली मिळणार नाही असं काही तो मालक म्हणाला नव्हता. पण भिकनच्या तोंडून निघून गेलं, "शेख." एका खोलीसाठी मारलेली थाप. पुढे दोन वर्षांनी त्याच मोहल्ल्यातल्या एका शेखाने, पाच पोरींच्या बापाने, कष्टाळू पोरगा बघून आपली तिसरी मुलगी देऊ केली. ते लोक गरीब होते, पण पिंजाऱ्याच्या घरी मुलगी देणाऱ्यांतले नव्हते. विचारलं, आईबाप? भिकनने सांगितलं, कुणी नाही, मी यतीम आहे.

तेव्हापासून जैतूनबी शेखाची बायको होती. मुश्ताकच्या शाळेत शेख लागलं, रेशनकार्डावर शेख, आधारवर शेख. जन्मतारीखसुद्धा आधार काढताना अंदाजाने टाकलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

मी अर्ज लिहिला. दाखला मिळाला, त्यावर अल्फियाला कॉलेजात तात्पुरता प्रवेशही मिळाला. आता जात पडताळणीचं प्रमाणपत्र सहा महिन्यांत आणून द्यायचं, नाही तर प्रवेश रद्द. पोरगी हॉस्टेलला गेली. जाताना माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून गेली.

इथून पुढे जे झालं त्यात माझाही दोष आहे, आणि तो मी लपवणार नाही. दाखल्यावर पिंजारी आणि बाकी सगळीकडे शेख, म्हणजे चौकशी लागणारच हे मला माहीत होतं. मी भिकनभाईला बजावून सांगितलं, दक्षता पथकाचे लोक घरी येतात. घरात असेल त्याला विचारतात, तुमची जात काय, पूर्वजांचा धंदा काय. तेव्हा घरात सगळ्यांना खरं सांगून ठेव.

"सांगसू आप्पा, सांगसू."

आठ दिवसांनी विचारलं, "घर सांगं का नही?"

"आते जुम्मा ऊना का सांगी टाकसू. चव्वेचाळीस वरीस व्हयनात, एकदम कसं सांगू?"

जुम्मे येत गेले. त्याने सांगितलं, पण काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं. तो घरी म्हणाला होता की पोरीसाठी कागदावर पिंजारी लिहावं लागतंय, सरकारी कामापुरतं, सगळेच करतात. खरं बोलायची हिंमत झाली नाही म्हणून या शहाण्याने खऱ्यालाच खोटं म्हणून घरात आणलं. मुश्ताकला ते पटलं. अल्फियालाही वाटलं की आजोबांनी कुठून तरी जमवलंय. जैतूनबी मात्र त्या दिवसापासून नीट झोपली नाही. नातीचं आयुष्य खोट्या कागदावर उभं राहतंय, याचा जाब वर द्यावा लागेल, असं तिला वाटत राहिलं. तिने तसं भिकनला दोनदा म्हटलंही. त्याने विषय बदलला.

नोव्हेंबरमध्ये चौकशीच्या मॅडम आल्या. मिरचीची आवक जोरात होती, भिकनभाई मार्केटला. घरी जैतूनबी एकटी. मॅडम सभ्य होत्या, चहा घेतला, मग कागद काढून विचारलं, आजी, तुमची जात कोणती? खरं काय ते सांगा.

जैतूनबी पाच वेळची नमाजी बाई. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रडायला लागली. "साब, झूट नई बोलूंगी, मेरेकू भी खुदा के पास जाना है. हम शेख है. पिंजारी नई. बच्ची के वास्ते इनोने कागज बनवाया. उनको जेल मत करो, बूढे है. सजा देना तो मेरेकू दो."

मॅडमनी लिहून घेतलं. जैतूनबीने अंगठा दिला.

संध्याकाळी भिकनभाई माझ्याकडे आला तो भिंतीला धरून उभा राहिला. मी त्याला काय काय बोललो ते आता लिहवत नाही. तो शिव्या खात राहिला. मग म्हणाला, "तिन्ही काय चुकी शे, आप्पा? ती ते खरं बोलनी."

घरी जाऊन त्याने त्या रात्री तिला सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? नातीचं वर्ष जाऊ नये म्हणून हा आता आणखी एक कथा रचतोय, असं तिला वाटलं.

समितीची नोटीस आली. सुनावणीला या, म्हणणं मांडा, पुरावे द्या. १९६३ सालचा भिकन चांद पिंजारी आणि आजचा शेख भिकन हे एकच, हे दाखवायचं होतं. जमीन नाही, घर नाही, भाऊ-बहीण नाही. आई तर भिकन लहान असतानाच गेलेली. बाप कुठल्या साली वारला, तेही त्याला नीट माहीत नव्हतं. उरलं ते गाव. गावातल्या जुन्या माणसाने ओळखलं, तसं शपथेवर लिहून दिलं, तर निदान एक आधार होईल म्हणून मी त्याला घेऊन एसटीत बसलो. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल आला तसा तो खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला आणि गाव येईपर्यंत आत घेईना.

गावात त्याच्या वयाचे लोक फारसे उरले नव्हते. काही सुरतला पोरांकडे गेलेले, काही वर गेलेले. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, कौसाबाई. नव्वदीची म्हातारी, पण डोकं शाबूत. ओट्यावर खाटेवर बसली होती. मी विचारलं, "मावशी, चांद पिंजारी आठवस का?"

"चांद पिंजारी? मन्हा लगननी गादी त्यानीच भरेल व्हती!" म्हातारी खुलली. "भला मानूस. गादी भरी देये, नं शिलकना कापूस पोरेसले देये, बाहुलीसाठे."

भिकनभाईने माझा हात दाबला. मी विचारलं, "त्याले पोऱ्या व्हता ना?"

"एकच व्हता. भिकन. तो मरी गया."

भिकनभाईचा हात माझ्या हातावरून सुटला.

"सुरतले कामले गया, तठेच मरी गया. चांद एक दिन परगावथीन उना, दोन दिन दार उघाडं नही. मंग सांगं, मन्हा भिकन गया. चाळिसाव्याले आख्खा गावले जेवाले घालं त्यानी. मी सोता भाकरी बडव्यात."

भिकनभाई पुढे झाला. खाटेजवळ जमिनीवर बसला. "मावशी, मीच भिकन. देख ना मन्हाकडे. मी मरेल नही शे."

कौसाबाईने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, ओळखलं. पण तिने हात काढून घेतला.

"नही बा. भिकन जित्ता ऱ्हाता, ते बापले माटी देवाले नही येता का? आख्खा गावनी दिन्ही माटी. हिंदूसनी दिन्ही. आसा नव्हता तो पोऱ्या."

मी कागद पुढे केला, समजावलं, एका पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे म्हटलं. म्हातारीने अंगठा दिला नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने खोटी सही करून मी कोणत्या तोंडाने वर जाऊ, म्हणाली. तिथेही तोच देव आडवा आला, जैतूनबीच्या वेळेला आला होता तोच. खरं बोलणाऱ्या बायकांनी हा माणूस पुरता बुडवला, आणि बुडवायला दोरी त्यानेच वळून दिली होती.

परतीच्या एसटीत तो एकदाच बोलला. "मन्हा बापनी माले मारी टाकं, आप्पा. नं जेवन बी घालं." थोड्या वेळाने म्हणाला, "बराबर करं त्यानी."

बापाच्या मरणाची बातमी त्याला वेळेत कळली होती का, हे मी विचारलं नाही. ती फार उशिरा पोचली असणार, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

सुनावणीला आम्ही चौघे गेलो. भिकनभाई, जैतूनबी, हॉस्टेलवरून आलेली अल्फिया, आणि मी. समितीपुढे भिकनभाई उभा राहिला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोली, थाप, निकाह. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाबा, चव्वेचाळीस वर्षं तुम्ही शेख. बायको म्हणते शेख. दाखल्यातला भिकन वारला असं गाव म्हणतं, आमच्या चौकशीतही तेच आलंय. दुसऱ्याचे दाखले घेऊन येणारे आम्ही रोज बघतो. तुम्ही तेच नाही, हे मी कशावरून मानू? लग्नात तरी तुमच्या बाजूचं कोणी होतं का?"

भिकनभाई जमिनीकडे बघत म्हणाला, "व्हता. मन्हा बाप व्हता."

हे मलाही नवीन होतं.

"मी निरोप धाडेल व्हता. सांगं व्हतं, येऊ नको. तरी बी उना. गादी-रजई लईसन उना, पिंजारी बनीसन. दरवाजापान बसना. मन्हा सासरानी त्याले मजुरी दिन्ही. त्यानी लिन्ही."

मागे बाकावर जैतूनबी उठून उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

"हरी पगडी," ती म्हणाली. "वो गादीवाले बाबा? हरी पगडीवाले?"

भिकनभाईने मान हलवली.

"साब, मैंने देखा है उनको." तिचा आवाज चढला. "निकाह के बाद अंदर आए थे, गादी रखने. मेरे सर पे हाथ रखा. मेरे अब्बा ने डांटके बाहर निकाला, के परायी लडकी को हाथ कैसा लगाया. वो कुछ नई बोले. मेरा पहला बयान काट दो साब. ये पिंजारी है. सच्ची पिंजारी है."

साहेबांनी तिचा पहिला जबाब पुन्हा वाचला. मग म्हणाले, एकदा दिलेला जबाब काढता येत नाही. हा नवा जबाब जोडून घेतो. पण चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका गादीवाल्याची आठवण हा पुरावा होत नाही, आजी. तुमच्या नातीचा यात फायदा आहे, म्हणून तुम्ही बदलून बोलताय, असंच कोणीही म्हणेल.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दावा अवैध. १९६३ च्या नोंदीतील व्यक्ती व अर्जदाराचे आजोबा एकच असल्याचे सिद्ध होत नाही. हायकोर्टात जाता येतं, मी तसं सांगितलंही. पण कॉलेजची तारीख कोर्टासाठी थांबत नाही. अल्फियाचा प्रवेश रद्द झाला, तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. मार्केटमध्ये ही बातमी पोचली तेव्हा टपरीवरचे म्हणाले, बघा, खोटे दाखले काढतात हे लोक. मोहल्ल्यातले म्हणाले, क्यूं भिकनभाई, अब शेख के पिंजारी? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्याला आता कोणीच आपला म्हणायला तयार नव्हतं. सासरच्यांनी ईदला बोलावलं नाही.

निकालाची प्रत घ्यायला तिघेही आले होते. अल्फिया हॉस्टेलची पेटी घेऊन थेट स्टेशनवरून आलेली. चेहरा सुजलेला. मला वाटलं, ही आता आजोबाला काहीतरी तोडून बोलेल, आणि खरं सांगतो, तिने बोलावं असं मला वाटत होतं. तिने पेटी माझ्या टेबलाखाली सरकवली आणि विचारलं, "आप्पा, पुढच्या वर्षी ओपनमधून परत परीक्षा देता येते ना?" मी हो म्हटलं. वय बसत होतं. नंबर लागणं अवघड होतं, पण ते मी बोललो नाही.

जैतूनबी बाजूच्या बाकावर बसली होती. सुनावणीपासून ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. स्वयंपाक करायची, ताट ठेवायची, उठून जायची. आज ती त्याच्याकडे वळली.

"उनकी बरसी कब आती?"

"किसकी?" भिकनभाईने विचारलं.

"तुम्हारे अब्बा की. किस तारीख को गुजरे? सलाम भी नई किया मैंने कभी, पानी तक नई पूछा. अब फातेहा तो देऊंगी. तारीख बोलो."

भिकनभाईचे ओठ हलले. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू माझ्या फायलींमध्ये कुठे तरी ती असेल. माझ्याकडे नव्हती.

"याद करो," जैतूनबी म्हणाली. "महिना तो बोलो."

त्याला महिनाही माहीत नव्हता.